पत्रे उडाले, स्लॅब पाझरतोय… घराचा विमा छताला किती पुरतो? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. पूर्वभागात आमचं जुनं घर आहे. खाली दगडी भिंती, वर स्लॅब, आणि स्लॅबवर मागच्या अंगाला पत्र्याची मोठी खोली. आई-वडील तिथंच राहतात, मी इकडं होटगी रोडला. परवाच्या वळवात वारं असं सुटलं की खोलीच्या कडेचे पत्रे उचलून थेट शेजारच्या बोळात. बोळात तेव्हा कुणी नव्हतं, नशीब. आणखी दोन-तीन सिमेंटचे पत्रे जागेवरच तडकले, पाण्याची टाकी आडवी होऊन फुटली. खोलीत टॉवेलची गाठोडी होती (आई शिलाईचं काम घरी आणते), तीही भिजली. आता खालच्या खोलीच्या छतालाही ओल दिसायलीय.

घरावर कर्ज आहे, त्यामुळं बँकेनं काढलेला विमा आहे. कागदावर ‘भारत गृह रक्षा’ असं लिहिलंय. कंपनीला कळवलं, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येणार म्हणाले. छत विम्यात धरतात का? सगळं छत नवीन करून मिळतं की ठिगळ? एजंटला विचारलं तर “बघू की सर” यापुढं गाडी जात नाही.

शेंगाचटणी

आमच्याकडं पत्र्यावर दगड ठेवतात, तोच विमा. प्रीमियम शून्य, नूतनीकरण दर पावसाळ्यात.

सिव्हिलवाली

शेंगाचटणी, हसू आलं, पण तो दगड वाऱ्यात पत्र्यासकट खाली येतो आणि शेजाऱ्याच्या डोक्यात बसला तर तुझा ‘विमा’ पोलीस ठाण्यात निघतो.

होटगीरोडकर, सर्व्हेअर येईपर्यंत फुटके पत्रे भंगारात देऊ नका. बोळातले पत्रे पडले तसे असतानाच फोटो काढून मग उचला. वर ताडपत्री टाका, ती टाकायला परवानगी लागत नाही. उलट नुकसान वाढू दिलं तर तेच तुमच्यावर शेकतं. ताडपत्रीची पावती ठेवा.

दावेदार

जनरल इन्शुरन्समध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. कंपनी कोणती ते विचारू नका.

1 एप्रिल 2021 पासून इर्डानं (विमा क्षेत्राच्या नियामकानं) सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी ठेवायला लावली, तीच ही भारत गृह रक्षा. मजकूर सगळीकडं तोच. म्हणून ‘अमुक कंपनीत छत धरतात का’ हे विचारायची गरजच नाही. छत इमारतीचा भाग आहे, धरतात. विचारायचं ते एवढंच, की छत कशानं गेलं?

या पॉलिसीत धोक्यांची यादी दिलेली आहे. आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ आणि पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, बाहेरची वस्तू येऊन आदळणं (झाड पडलं, गाडी घुसली), दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून वा ओसंडून झालेलं नुकसान, आणि यातलं काही घडल्यावर सात दिवसांच्या आत त्यामुळंच झालेली चोरी. यादीतलं काही घडलं तर पैसे, नाही तर नाही. कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) म्हातारा झाला, स्लॅबची सळई गंजली, दर पावसाळ्यात कोपरा ओला होतो, हे यादीत कुठंच नाही. लोक पॉलिसीत ‘गळती वगळली आहे’ अशी ओळ शोधत बसतात. ती सापडत नाही, कारण वगळायला ती आधी आत तर हवी!

तुमचे पत्रे वाऱ्यानं गेले, म्हणजे वादळ. टाकी आडवी होऊन पाणी खाली उतरलं, तेही यादीत बसतं. पण त्या छताला आधीपासून ओल असेल तर तिथं तुमची कंपनीशी जुंपणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

टॉवेलची गाठोडी विसरा. घरगुती सामान इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत (कमाल 10 लाख) आपोआप धरलं जातं, पण कारखान्याचा माल हे घरगुती सामान नव्हे. तो माल ज्याचा, त्याच्या विम्यात बघायचा.

आणि एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. ती पत्र्याची खोली पॉलिसीत धरलेली आहे का? पहिल्या पानावर कार्पेट एरिया किती लिहिलाय ते बघून सांगा.

होटगीरोडकर

दावेदारकाका, बघितलं. खोली पॉलिसीच्या आधीची आहे आणि एरियात धरलेली आहे. बँकेच्या व्हॅल्युअरनं वर चढून मोजलं होतं, वडिलांना आठवतंय.

दावेदार

मग तुम्ही सुटलात. सोलापुरात निम्म्या घरांची हीच गोची आहे. कर्ज घेताना घर एकमजली, मग पोराचं लग्न ठरलं की वर पत्र्याची खोली. नियम असा की बांधकाम वाढवून कार्पेट एरिया 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढला आणि कंपनीला कळवून वाढीव प्रीमियम भरला नाही, तर त्या वाढीव भागाचं नुकसान मिळत नाही. सहाशे चौरस फुटांच्या घरावर दोनशेची खोली चढली की दहा टक्के कधीच ओलांडले. आणि वाऱ्यानं पहिली जाते ती हीच खोली.

सिव्हिलवाली

पहिली का जाते तेही लिहिते. वारं पत्र्याला वरून दाबत नाही, वर ओढतं, आणि ही ओढ कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त असते. आपल्याकडं सावलीसाठी पत्रा भिंतीबाहेर फूट-दीड फूट काढतात, त्याखाली वारं शिरलं की वरची ओढ आणि खालचा रेटा एकत्र. शिवाय मिस्त्री प्रत्येक अँगलवर जे हुक (पत्रा अँगलला धरणारा वाकडा बोल्ट) मारायच्या ऐवजी एक सोडून एक मारतो. कडेच्या दोन रांगांना तरी हुक दुप्पट घ्या.

जुळे_सोलापूर_सेक्रेटरी

आमचं अपार्टमेंट आहे. टेरेस गळतं, वरच्या मजल्यावरचे तिघं रोज भांडतात. एक म्हणतात, माझ्या फ्लॅटचा विमा आहे, त्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतो.

दावेदार

गळती वादळानं लागली असेल तर बोला. वर्षानुवर्षांची असेल तर विमा विसरा. सोसायटीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे, गच्चीतून पावसाचं पाणी पाझरून वरच्या मजल्याचं छत आणि प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं. म्हणजे तिघांची तक्रार बरोबर आहे, फक्त पत्ता चुकलाय. गच्ची सामाईक, तिचा विमा सोसायटीच्या नावानं असायला हवा. एकट्या फ्लॅटवाल्याच्या विम्यातून अख्ख्या गच्चीचं काम होत नाही.

जुळे_सोलापूर_सेक्रेटरी

म्हणजे वर्गणी काढायची. सभेत माझी पूजा होणार.

डॅलसकर

मूळचा दमाणी नगरचा, सध्या टेक्सासात. इथला अनुभव टाकतो, गंमत वाटेल.

इकडं घराचं छत म्हणजे लाकडी सांगाड्यावर प्लायवूड आणि त्यावर डांबरी शिंगल. वसंतात लिंबाएवढ्या गारा पडतात आणि अख्ख्या गल्लीची छतं बदलली जातात. कर्ज असेल तर विमा बँक सक्तीनं घ्यायला लावते. पॉलिसीत मेख दोन ठिकाणी असते. एक, नुकसानीतला सुरुवातीचा वाटा आपला. वारा आणि गारांसाठी हा वाटा बऱ्याचदा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात असतो, एक टक्का, दोन टक्के. तीन लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे सहा हजार डॉलर आपल्या खिशातून. दुसरी मेख, छताची किंमत नव्याची धरणार की घसारा (जुनं झाल्यानं घटलेली किंमत) वजा करून. नव्याची असली तरी पैसे दोन टप्प्यांत येतात. आधी घसारा कापून चेक, काम पूर्ण करून बिल दाखवलं की कापलेला घसारा. छत जुनं असेल तर कित्येक कंपन्या ‘घसारा वजा’ हाच पर्याय देतात, मग पंधरा-वीस वर्षांच्या छताला हातात चिल्लर पडते.

गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी दारावर छतवाले हजर. “सर, तुमचा वाटा आम्ही सोडून देतो, तुम्ही फक्त सही करा.” टेक्सासात 2019 पासून हे कायद्यानं गुन्हा आहे, तरी येतात.

शेंगाचटणी

म्हणजे दारावर येऊन “बघू की सर” म्हणणारे तिकडंही आहेत.

अप्पा_बाळीवेस

तुम्ही पत्रा, शिंगल काय काय बोलायला लागलात, पण आमच्या भागाचं खरं छत म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचा (लाकडाच्या पट्ट्या), वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात सोलापूर चुलीवर ठेवल्यागत तापतं तेव्हा माळवदाखाली पंखा नसला तरी चालायचं. खोड एकच, दर पावसाळ्याच्या तोंडी गळतं म्हणून वर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नाही. थरावर थर, थरावर थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा तिकडं माणसं मेली ती या वजनाखाली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, त्या सुटल्या आणि माळवद अंगावर आलं. सोलापुरातसुद्धा आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो त्या पहाटे.

अक्कलकोटच्या बाजूला आमचं असं एक घर अजून आहे, भाऊ राहतो. त्याचा विमा निघेल का?

दावेदार

अप्पा, तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पॉलिसीत कच्च्या बांधकामाची व्याख्या दिलीय. भिंती किंवा छत लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री यांचं असेल तर कच्चं, बाकी पक्कं. लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा त्या यादीत नाही, हे पत्र्याच्या घरवाल्यांनी लक्षात ठेवा, कुणी ‘पत्रा म्हणजे कच्चं’ म्हणालं तर व्याख्या दाखवा. माळवदात वर माती, खाली लाकूड, त्यामुळं दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. म्हणून प्रपोजल फॉर्ममध्ये ‘छत : लाकडी तुळया, वर माती’ असं जसं आहे तसं लिहा, फोटो जोडा, आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. आरसीसी लिहून प्रीमियम भरला तर पैसे कंपनीचे आणि घर तुमचं, असं होतं.

माढ्याचा_पाहुणा

आमच्याकडं सप्टेंबर 2025 मध्ये सीनेचं पाणी घरात शिरलं, मागची भिंत आणि तिच्यावरचा पत्रा गेला. विमा नव्हता. तलाठ्यानं पंचनामा केला. शासनाची मदत मिळते की, मग विमा कशाला, असं गावात सगळे म्हणतात.

सिव्हिलवाली

आपत्ती निधीचे दर बघा ना दादा. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. अंशतः पडलं, म्हणजे किमान 15 टक्के नुकसान, तर पक्क्याला 6,500 आणि कच्च्याला 4,000. साडेसहा हजारात आज पत्रे, अँगल आणि मिस्त्रीची मजुरी यातलं कुठलं एक भागेल ते सांगा. मदत म्हणून घ्यावी, पण ती भरपाई नाही.

पंचनाम्याची प्रत मात्र सोडू नका, विम्याच्या दाव्यातही तिचा उपयोग होतो. त्या दिवशी त्या भागात वारं-पाऊस झाला होता हे सिद्ध करायला पंचनामा, हवामान खात्याची नोंद आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं कात्रण, तिन्ही चालतात.

शेळगीकर

गारांचं काय? मार्च 2014 मध्ये जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा आमच्या सिमेंट पत्र्यांची चाळण झाली होती. यादीत गारा दिसत नाहीत.

दावेदार

गारपीट असा वेगळा शब्द नाही, बरोबर. गारा वादळाबरोबर येतात, दावा वादळाच्या नावानं मांडायचा. अर्जात नुसतं ‘गारांमुळे’ लिहू नका, ‘वादळी वारे व गारपीट’ लिहा.

होटगीरोडकर

अपडेट. सर्व्हेअर येऊन गेले. माणूस सभ्य, पण बारीक. आधी बोळात उभं राहून वर बघितलं, मग शिडीनं वर. उडालेल्या पत्र्याची भोकं बघितली. अँगलवर राहिलेला एक जे हुक अंगठ्यानं फिरवला तर हुक फिरला आणि तांबडी भुकटी त्यांच्या बोटावर आली. ती भुकटी त्यांनी मला दाखवली, फोटो काढला आणि काही न बोलता वहीत लिहिलं. खालच्या खोलीत छताच्या ओलीजवळ बराच वेळ थांबले.

आज कंपनीचा मेल आलाय. पत्रे आणि टाकी मान्य, पण पत्रे जुने म्हणून 40 टक्के घसारा कापलाय. छताची ओल ‘जुनी गळती’ म्हणून नामंजूर. हे बरोबर आहे का?

डॅलसकर

झालं, आमचंच दुखणं तिकडं पोचलं.

दावेदार

नाही, इथं तिकडचा हिशोब लागू होत नाही. होटगीरोडकर, नीट वाचा. भारत गृह रक्षात इमारतीचा दावा पुनर्स्थापनेच्या तत्त्वावर असतो. जे गेलं ते त्याच प्रकारचं नवीन करायला जो खर्च येईल तो, विमा रकमेच्या मर्यादेत. इमारतीला घसारा नाही. जुन्या अग्नी पॉलिसीत बाजारभावावर विमा काढलेला असला की घसारा कापायचे, काही टेबलांवर तो हात अजून तसाच चालतो. अंडरइन्शुरन्सचीही (घराच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा काढल्याची) कात्री यात नाही.

तेव्हा भांडू नका, दोन ओळींचा मेल करा. “घसारा पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार कापला ते कळवावे.” एवढंच. कलम नसेल तर रक्कम येते.

गंजलेल्या हुकाचं म्हणाल, तर हुक गंजला होता म्हणून वादळ खोटं ठरत नाही. मात्र त्या दिवशी वारं फारसं नव्हतं असं दिसलं असतं, तर हाच हुक तुमच्या गळ्याशी आला असता.

मिळणार तेवढंच, जेवढं होतं. सिमेंटच्या पत्र्याऐवजी रंगीत प्रोफाइल पत्रा घालायचा असेल तर वरचा फरक तुमचा. शाबूत पत्रेही विम्यातून बदलून मिळत नाहीत. पण जुन्याला नवीन जुळतच नसेल, म्हणजे नळीचं माप बाजारात बंद झालंय, तर दुकानदाराकडून तसं लेखी घेऊन मागणी करा, ऐकतात. मलबा हलवायला दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरच्या फीसाठी 5 टक्क्यांपर्यंत मिळतात, ते बिलात लावलंय का?

सिव्हिलवाली

ओलीचा फोटो टाका बघू.

होटगीरोडकर

टाकला.

सिव्हिलवाली

यात सर्व्हेअर बरोबर आहेत हो, वाईट वाटून घेऊ नका. डागाच्या कडेला एकात एक तपकिरी वलयं दिसतायत, बशीवर चहा वाळल्यासारखी. प्रत्येक वलय म्हणजे एक पावसाळा. मधे पांढरे क्षार फुटलेत, ते एका टाकीच्या पाण्यानं फुटत नाहीत. टाकीचं पाणी आता त्यात मुरलं असेल, पण वाट जुनी आहे. जुना कोबा काढून नव्यानं करून घ्या, पावसाळ्याच्या आत.

दावेदार

सहमत. या मुद्द्यावर लढू नका, घसाऱ्यावर लढा.

मेलला उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. महिनाभरात दाद नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. नाही तर इथंच सोलापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. एका वेळी दोन्हीकडं जाता येत नाही.

होटगीरोडकर

कलम विचारलं होतं. उत्तरात कलम आलं नाही, सुधारित हिशोब आला. घसारा निघाला. मलब्याचे पैसेही धरले. ओलीचे नाहीत. पैसे मात्र बँकेच्या नावानं येणार म्हणतात, हे काय?

दावेदार

पॉलिसीत बँक क्लॉज असतो. कर्ज असेपर्यंत दाव्यावर पहिला हक्क बँकेचा. दुरुस्तीचं बिल घेऊन शाखेत जा, लहान रक्कम असेल तर दुरुस्तीसाठी सोडतात. अर्ज लेखी द्या, काउंटरवर बोलून येऊ नका.

शेळगीकर

दावेदारकाका, आमच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवलेत, सूर्यघर योजनेतून. ते इमारतीत येतात का सामानात? आणि पॉलिसी पॅनलच्या आधीची आहे.

दावेदार

इमारतीत. सोलर पॅनल, पक्की बसवलेली टाकी, कंपाउंड, गेट हे सगळं व्याख्येत इमारतीबरोबर धरलंय. पण विमा रक्कम ठरवताना कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर एवढाच हिशोब झाला असेल, तर पॅनलची किंमत त्यात मिळवलेली नसणार. कंपनीला मेल करून किंमत वाढवून घ्या, बिल जोडा. पॅनलचा स्टँड स्लॅबला बोल्ट केलाय का नुसता सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवलाय?

शेळगीकर

ठोकळ्यावर.

सिव्हिलवाली

आधी बोल्ट मारून घ्या. बोल्टच्या भोकाला वॉटरप्रूफिंग करायला सांगा, नाही तर पुढच्या वर्षी तुमच्याही छताचा फोटो इथं येईल.